शाळेतला पर्जन्यमापक कसा करावा: बाटलीला पट्टी चिकटवू नका

जून लागला की शाळाशाळांत हा उपक्रम हमखास होतो. प्लॅस्टिकची बाटली कापायची, वरचा भाग उलटा करून आत बसवायचा, बाजूला पट्टी चिकटवायची, फोटो काढायचा. झाला पर्जन्यमापक. पुढं पाऊस पडतो, पण त्या बाटलीकडं कुणी फिरकत नाही. फिरकलं तरी पट्टीवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा चुकीचाच असतो. मी वीसेक पावसाळे चौथी-पाचवीच्या लेकरांकडून हे काम करून घेतलं आहे. ‘पट्टी चिकटवा आणि वाचा’ हा सल्ला अजून जिथं-तिथं दिसतो, म्हणून हे लिहितोय.

आपल्या मराठवाड्यात हा आकडा नुसता वहीत राहत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची बोलणी सुरू होतात. वर्गातल्या निम्म्या लेकरांच्या घरी या आकड्यांवर रोज चर्चा चालते. म्हणून मोजायचं तर नीट मोजायचं.

आधी मिलिमीटर समजू द्या

बाटली कापण्याआधी हे करा. व्हरांड्यातल्या फरशीवर खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यात एक लिटर पाणी ओता आणि पसरू द्या. सगळीकडं सारखं पसरलं आणि बाहेर गेलं नाही, तर त्याची उंची बरोबर एक मिलिमीटर होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाणी ओघळून चौकोनाबाहेर जाईल, जाऊ द्या. लेकरांना एवढं कळलं पाहिजे की पाऊस लिटरात न सांगता उंचीत का सांगतात. रान एकराचं असो की वाफ्याएवढं, उंची तीच राहते.

बाटली

दोन लिटरची, मधे सरळ अंगाची बाटली घ्या. सरळ भागातच कापा. कापायचं काम मोठ्या माणसानं करावं. वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, दोन्ही कडा एका पातळीत आणा आणि चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. झाकण काढून टाका. बस्स.

नरसाळं कशाला, असं लेकरं विचारतात. जूनमधली दुपारची उन्हं उघड्या भांड्यातलं पाणी उडवून नेतात. नरसाळ्याच्या बारीक तोंडातून ते फारसं उडत नाही, आणि आत पडलेले थेंब उसळून बाहेरही येत नाहीत.

तोंड आणि पोट: सगळी गडबड इथंच होते

माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत बाटली कापायचे कष्ट नकोत म्हणून मी बाजारातून मोठं नरसाळं आणलं. तोंड १४ सेंटिमीटर. ते ७ सेंटिमीटर रुंदीच्या बरणीवर बसवलं आणि बरणीला पट्टी चिकटवली. मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्रभर झाला. सकाळी पट्टीवर ९२ मिलिमीटर! लेकरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि घरोघरी सांगितलं. गावातल्या एका शेतकऱ्याला रानात ओल कमी वाटत होती, पण शाळेतलं माप खोटं कसं असेल म्हणून त्यानं तिफण धरली. नंतर पावसानं ओढ दिली. उगवलेलं सोयाबीन डोळ्यांदेखत करपलं, दुबार पेरणी करावी लागली. त्या रात्री खरा पाऊस ९२ नव्हता, फक्त २३ मिलिमीटर होता. मी त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. ते काही बोलले नाहीत. बियाण्याचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

चूक कुठं झाली ते बघा. नरसाळ्याचं तोंड बरणीच्या दुप्पट रुंद होतं. रुंदी दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. चौपट जागेवरचा पाऊस एका चिंचोळ्या बरणीत गेला, तर उंची चौपट होणारच. परातीत बोटभर साचलेलं पाणी तांब्यात ओता, तांब्या भरून वर येतो. म्हणून पाऊस तांब्याभर झाला असं कुणी म्हणत नाही. पाऊस परातीत बोटभरच होता. पर्जन्यमापकाचं तोंड म्हणजे परात आणि पोट म्हणजे तांब्या.

‘मग तोंड आणि पोट सारख्याच रुंदीचं घेऊ, पट्टी चालेल,’ असं कुणी म्हणेल. बाटलीत तेही चालत नाही. शीतपेयाच्या बाटलीचा तळ सपाट नसतो, त्याला पाच पाकळ्यांसारखे खळगे असतात. पहिलं पाणी त्या खळग्यांत जातं आणि पट्टीवर उंची चुकते. शिवाय पट्टीचा शून्य पट्टीच्या टोकापासून दोन-चार मिलिमीटर आत असतो. तळाला आधी पाणी घालून शून्याची रेघ आखा, असंही सांगतात. ते पाणी रोज तेवढंच ठेवावं लागतं. एक दिवस बाटली कलंडली की पुढचे सगळे आकडे बिघडतात. माझ्या मते हा मार्गच सोडून द्या.

खात्रीचा मार्ग असा: बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओता, मिलिलिटर मोजा आणि तोंडाच्या क्षेत्रफळानं भागा. बाटलीचं पोट वाकडं असो, फुगीर असो, तळाला खळगे असोत, काही फरक पडत नाही. फक्त तोंड मोजलेलं पाहिजे.

तोंडाचं क्षेत्रफळ: चौकोन मोजा

पाचवीच्या लेकरांना वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र येत नाही, आणि यायची गरजही नाही. एक सेंटिमीटरचे चौकोन असलेला कागद घ्या. इथं एक सावधगिरी: गणिताच्या चौकटीच्या वहीतले चौकोन बऱ्याचदा एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. आधी पट्टीनं तपासा. लहान असले तर चित्रकलेच्या कागदावर पट्टीनं चौकोन आखून घ्या.

बाटलीचं तोंड कागदावर पालथं ठेवा आणि कडेनं पेन्सिल फिरवा. चिकटपट्टी लावून झाल्यावरच हे करा. नुसतं कापलेलं प्लॅस्टिक हाताच्या दाबानं लंबगोल होतं आणि चौकोन कमी भरतात. मग पूर्ण चौकोनांवर टिकमार्क करायचा. अर्धा किंवा त्याहून जास्त आत असेल तो एक धरायचा, अर्ध्यापेक्षा कमी असेल तो सोडायचा. तीन गटांना वेगवेगळं मोजायला लावा आणि एकमेकांचा आकडा बघू देऊ नका. आमच्याकडं साडेदहा सेंटिमीटर रुंदीच्या तोंडाला एकदा ८५, ८८ आणि ८७ आले. सरासरी ८६.७. सूत्रानं काढलं तर ८६.६ येतं! चौकोन मोजून एवढं जवळ जाता येतं हे लेकरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, आणि त्या दिवशी त्यांनी क्षेत्रफळाचा धडा मागून घेतला.

आता हिशोब. एक मिलिमीटर म्हणजे सेंटिमीटरचा दहावा भाग, आणि एक घन सेंटिमीटर पाणी म्हणजे एक मिलिलिटर. म्हणून ८६.६ चौकोनांच्या तोंडावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बाटलीत त्याचा दहावा भाग, म्हणजे ८.६६ मिलिलिटर पाणी येईल. म्हणजे:

पाऊस (मिलिमीटर) = पाणी (मिलिलिटर) भागिले ८.६६

१७३ मिलिलिटर पाणी निघालं तर पाऊस २० मिलिमीटर. ७५ मिलिमीटरला साधारण ६५० मिलिलिटर, ६५ ला ५६३. हे आकडे माझ्या बाटलीचे आहेत. तुमच्या बाटलीच्या तोंडाचे चौकोन तुम्हीच मोजा. ८.६६ हा आकडा फळ्यावरून उतरवून घेऊ नका.

मोजपात्र वाचणं

मोजपात्र हातात धरून वाचायचं नाही. टेबलावर ठेवायचं आणि लेकरानं गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा. वरून बघितलं तर आकडा जास्त दिसतो, खालून बघितलं तर कमी. काचेच्या मोजपात्रात पाणी काठाला वर चढलेलं आणि मधे खोलगट दिसतं. वाचायचा तो खोलगट भागाचा तळ. शाळेत आलेली मोजपात्रं आता बहुतेक प्लॅस्टिकची असतात. त्यांत पाणी जवळजवळ सपाट दिसतं आणि लेकरं गोंधळतात: ‘सर, पुस्तकातल्यासारखं वाकलेलं का दिसत नाही?’ पाणी काचेला चिकटून वर चढतं, या प्लॅस्टिकला तसं चिकटत नाही. दोन्ही पात्रं शेजारी ठेवून दाखवा, प्रश्न मिटतो.

तिघांनी वाचावं, प्रत्येकानं आधी आपापल्या वहीत लिहावं, मग सांगावं. आधी सांगितलं की बाकीचे दोघं तोच आकडा वाचतात. वर्गातल्या हुशार लेकराला तर शेवटी बोलवा.

मोजपात्र नसेल तर औषधाच्या दुकानातली २० मिलिलिटरची सिरिंज सुईशिवाय आणा. मोजपात्र खरं आहे का, ही शंका असेल तर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामं ठेवून वजन घ्या आणि मग १०० मिलिलिटर पाणी भरून पुन्हा घ्या. १०० ग्रॅमनं वाढलं पाहिजे. एकदा कपाटात वर्षानुवर्षं असलेलं एक पात्र या परीक्षेत नापास झालं. तेव्हापासून दर वर्षी तपासतो.

कुठं ठेवायचा

उघड्यावर. कडुलिंबाखाली नाही, पत्र्याच्या कडेला नाही, शाळेच्या छतावर नाही. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जी उंची असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. सहा मीटरचं झाड असेल तर बारा मीटर लांब. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर आणि आडवं सरळ. तिरपं झालं की पाऊस कमी सापडतो. खाली फरशी नको, माती किंवा गवत बरं, नाहीतर फरशीवरचे शिंतोडे आत उडतात. बाटली वाळूच्या बादलीत रोवा, भोवती चार विटा लावा. वाऱ्याची काळजी विटा घेतील, पण शेळ्यांसाठी काटेरी फांद्यांचं कुंपण करा. शेळ्यांनी आमच्या तीन बाटल्या पाडल्या आहेत.

नोंद

हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते, तुम्हीही तीच वेळ धरा. शाळा दहाला भरते, म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या दोन लेकरांना हे काम द्या. रविवारीही. आज सकाळी मोजलेला पाऊस हा गेल्या चोवीस तासांचा असतो आणि तो आजच्या तारखेला लिहायचा. वाचून झालं की बाटली पूर्ण रिकामी करून ठेवायची.

पाऊस नसेल तर ० लिहायचं. नोंद घ्यायची राहिली तर आडवी रेघ. हे मी फार कडकपणे पाळायला लावतो. राहिलेल्या दिवशी शून्य लिहिलं तर त्या दिवशी पाऊस पडलाच नाही असं खोटं वहीत जातं, आणि महिन्याची बेरीज कायमची बिघडते. थेंबभर शिडकावा झाला आणि मोजण्याइतकं पाणी नसेल तर ‘नाममात्र’ लिहा. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच ‘पावसाचा दिवस’ धरतं. आपल्या बाटलीत तेवढ्याला २१-२२ मिलिलिटर पाणी लागतं. ते लेकरांना ओतून दाखवा. ‘काल पाऊस झाला’ असं आपण किती सहज म्हणतो ते कळतं.

मोठ्या पावसासाठी आपल्या बाटलीत नरसाळ्यापर्यंत किती पाणी मावतं ते आधीच मोजून लिहून ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात कोसळला तसा पाऊस एका रात्रीत बाटली भरून टाकतो, आणि भरल्यावर पडलेला पाऊस मोजता येत नाही. आभाळ भरून आलं की रात्री झोपण्याआधी एकदा मोजून रिकामी करा. सकाळचा आकडा त्यात मिळवा.

मंडळाच्या केंद्रावरचा आकडा तुमच्याशी जुळला नाही तर आपला आकडा खोडू नका. आपल्याकडं बांधाच्या अलीकडं पाऊस आणि पलीकडं कोरडं, हे कुणाला नवीन नाही. मात्र सलग पाच-सहा वेळा तुमचा आकडा एकाच बाजूला, म्हणजे नेहमीच जास्त किंवा नेहमीच कमी येत असेल, तर तोंडाचे चौकोन पुन्हा मोजा.

उन्हानं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, म्हणून दर वर्षी नवी बाटली लागते. जुन्या बाटलीचा आकडा नवीला लावू नका. साडेदहाऐवजी साडेनऊ सेंटिमीटरचं तोंड आलं आणि भागाकार जुन्या ८.६६ नंच केला, तर १०० मिलिमीटरचा पाऊस वहीत ८२ च लिहिला जाईल.