‘रिकामंच आहे’ म्हणून समोर ठेवलेलं छोटं पिस्तूल

पिस्तूल टेबलावर ठेवताना माणूस हमखास म्हणतो, ‘रिकामंच आहे.’ मी पंचवीस वर्षं हत्यारं दुरुस्त करतेय आणि नेमबाजीच्या रेंजवर लोकांच्या पाठीशी उभी राहतेय. या वाक्यावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. एकदा एक गृहस्थ आजोबांचं ६.३५ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचं चपटं पिस्तूल घेऊन आले. मॅगझीन, म्हणजे काडतुसं भरायची डबी, वेगळ्या पुडक्यात बांधलेलं, म्हणजे पिस्तूल रिकामं असा त्यांचा हिशेब. मी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली तर हिरवट पडलेलं एक काडतूस टुणकन टेबलावर आलं. गृहस्थ पांढरेफटक.

म्हणून क्रम चुकवू नका. गोळी सुटलीच तरी कुणाला लागणार नाही अशा दिशेला नळीचं तोंड, बोट चापापासून लांब, आधी मॅगझीन बाहेर आणि मगच स्लाइड मागे. उलट केलंत तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीतलं, काडतूस बाहेर पडतं, मॅगझीनमधलं दुसरं तिथे जाऊन बसतं आणि तुम्ही निर्धास्त! स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये नीट बघा, मग करंगळीचं टोक घालून चाचपा. करंगळीच, कारण या पिस्तुलांत दुसरं बोट मावत नाही. मॅगझीन काढल्यावर काही मॉडेलांचा चाप काम करत नाही. पण ती सोय आहे की नाही हे वरून कळत नाही, तेव्हा ती नाहीच असं समजून वागा.

आणखी एक खोड मला रोज दिसते. जॉन ब्राउनिंगच्या १९०५ च्या खिशातल्या पिस्तुलापासून या जातीची नळी दोन-अडीच इंचांचीच. स्लाइड ओढताना दुसरा हात घसरतो तो थेट नळीच्या तोंडासमोर. स्लाइड मागच्या टोकाला वरून धरा आणि पिस्तूलच पुढे ढकला.

‘हात नाजूक आहेत, छोटंच द्या,’ असं बायकांना आणि म्हाताऱ्यांना सुचवणारे लोक मला भेटले की मी त्यांच्याच हातात एक छोटं पिस्तूल देते आणि स्लाइड ओढायला सांगते. यातली बरीचशी पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मागची बाजू कुठल्याही कुलपाने नव्हे, फक्त स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहते. स्लाइड हलकी केली की स्प्रिंग ताठ करावी लागते. त्यात धरायला जागा दोन बोटांची. झटकाही जास्त, कारण तो पचवायला पिस्तुलाला अंगच नाही. माझ्या सांध्यांना आता हे झेपत नाही. बेरेटा कंपनीच्या बॉबकॅट पिस्तुलाची नळी मागच्या टोकाकडून वर उचलली जाते, काडतूस हाताने घालता येतं, स्लाइड ओढायची गरज नाही. मात्र त्याला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे चेंबरमधलं काडतूस ओढून काढणारा आकडा, नाही. काडतूस उडालं नाही तर ते काढायलाही नळीच उचलावी लागते, हे आधीच हाताला शिकवून ठेवा.

आता खरा प्रश्न: पडलं तर? जुन्या छोट्या पिस्तुलांत आतला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळून गोळी उडवणारी दांडी, ताणलेल्या अवस्थेत सिअर नावाच्या एका बारीक दातावर अडकून असतो. बाहेरची सेफ्टी बऱ्याचदा फक्त तो दात किंवा चाप धरून ठेवते, स्ट्रायकरला नाही. दात झिजला असेल तर एक धक्का पुरे. नव्या पिस्तुलांत चाप पूर्ण ओढल्याशिवाय फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, पुढे जाऊच न देणारा अडसर बऱ्याचदा असतो. माहितीपुस्तकात त्याचा उल्लेख सापडला नाही तर तो नाही असं धरा आणि चेंबर रिकामं ठेवा. नवीन म्हणजे निर्धोक असंही नाही. २००८ साली आलेलं रुगर एलसीपी त्याच वर्षी कंपनीने परत मागवलं. चेंबर भरलेलं असताना ते कडक जमिनीवर पडलं तर उडण्याची शक्यता होती. आपल्या पिस्तुलाचा क्रमांक अशा यादीत आहे का, ते बघा. पाडून परीक्षा घेऊ नका. हे सांगावं लागतं, कारण ‘गादीवर टाकून बघू का?’ असं मला विचारलं गेलंय.

हाताने चालणारी सेफ्टी असेल तर घरी एवढं जमतं. पुन्हा एकदा रिकामं असल्याची खात्री करून चेंबरमध्ये नकली काडतूस घाला, नाहीतर जुनी फायरिंग पिन तुटते. सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा. आता बोट बाहेर ठेवून सेफ्टी काढा. या क्षणी ‘टक्’ ऐकू आलं तर सिअर अर्धवट सरकला होता. ते पिस्तूल भरायचं नाही, कारागिराकडे न्यायचं.

भरवशाचं म्हणाल तर तो कंपनीवर ठेवू नका. हे पिस्तूल, हे मॅगझीन, हे काडतूस, अशा तिघांवर एकत्र ठेवा. मॅगझीनवर रंगाने १, २ घाला आणि वही ठेवा. पहिल्या ५० गोळ्या मी धरत नाही. पुढच्या २०० एकदाही न अडकता गेल्या पाहिजेत, त्याही जे काडतूस खिशात ठेवणार त्याच्याच. महाग पडतं, खरंय. अडकलं तर आधी स्वतःचं मनगट तपासा. ढिलं धरलं की पिस्तूल हातासकट मागे येतं आणि स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो.

७.६५ मिलिमीटरच्या काडतुसाची तऱ्हा निराळी. त्या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. पोकळ टोकाची गोळी लावलेलं काडतूस बहुधा लांबीला कमी, त्याला मॅगझीनमध्ये मागेपुढे सरकायला जागा मिळते, आणि घोटाळा तिथेच होतो. थापटून, स्लाइड ओढून हे सुटत नाही, मॅगझीन काढावंच लागतं.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. नुसतं ‘फुस्’ झालं तर पुढची गोळी अजिबात नको, आधीची नळीत अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार बघा.

खिशाबद्दल: चाप पूर्ण झाकणारं म्यान हवंच. त्या खिशात किल्ली नको, नाणं नको, रुमालसुद्धा नको. परत ठेवताना म्यान बाहेर काढा, पिस्तूल त्यात घाला, मग दोन्ही खिशात. कापडाचं सूत आणि घाम आठवड्याभरात आत पोचतात. तेल मात्र पुसून काढल्याइतकंच लावा, जास्त झालं की त्यालाच सूत चिकटतं. स्प्रिंग नव्या जोडीदाराशेजारी ठेवून बघा. आखूड पडली असेल तर बदला.

आजोबांच्या पिस्तुलाला मी नवी स्प्रिंग घातली. रेंजवर पहिलं मॅगझीन सुरळीत गेलं. दुसऱ्याच्या तिसऱ्या गोळीला चाप एकदा ओढला आणि दोन उडाल्या. सिअरचा दात साबणासारखा गुळगुळीत झाला होता. त्या गृहस्थांनी विचारलं, ‘घासून होणार नाही?’ मी स्ट्रायकर काढला, पाकिटात घातला आणि पिस्तुलाबरोबर त्यांच्या हातात दिला.