बडोद्यात इंग्रजी शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी काही अनुभव

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षण इंग्रजी माध्यमातून होते. त्यामुळे गुजराती किंवा मराठी शाळेतून तेथे जाणारी मुले प्रवेशाच्या सुमारास घाबरून इंग्रजीच्या शिकवणीला येतात. दांडिया बाजारातल्या अशाच एका वर्गात मी शिकवू लागलो, तेव्हा ‘हॉल’चा ‘होल’ करणाऱ्या एका मुलाला मी तो शब्द सर्वांसमोर पाच वेळा म्हणायला लावला. वर्ग हसला, आणि पुढे कित्येक दिवस तो मुलगा हजेरीपुरताच बोलला. मी माफी मागितली तीही वर्गासमोरच, कारण त्याचे हसे तेथेच झाले होते.

कोणती चूक सुधारायची आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवायला मला भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली केलेली मांडणी उपयोगी पडली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशी माणसे एकमेकांशी बोलताना नेमकी कुठे अडतात, याचा त्यांनी विचार केला. ‘थिंक’मधला आपला दंत्य थ कोणाला अडवत नाही, ‘शिप’ आणि ‘शीप’ एकसारखे म्हटले की मात्र घोटाळा होतो. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद लेखनात टिकला असला तरी बोलण्यात फारसा उरलेला नाही, म्हणून तो आधी कानाला शिकवावा लागतो.

व्याकरणाचेही तसेच आहे. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ म्हणणारा विद्यार्थी आळशी नसतो. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत चालते, तेच त्याने इंग्रजीत आणलेले असते. हा फरक मी मराठीतूनच समजावतो. (वर्गात मातृभाषा बोलल्यास दंड घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत, त्यांची शिस्त मला कधी कळली नाही.)

परदेशी निघालेले विद्यार्थी बहुधा ‘अमेरिकन ॲक्सेंट’ मागतात. आयईएलटीएस या परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी भागात ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार असे चार निकष असतात, आणि उच्चारात बोलणे किती सहज समजते हे पाहिले जाते, हे त्यांना प्रवेश देण्यापूर्वीच सांगावे. एका पालकांनी माझ्याकडे साडेसहा बँडची (त्या परीक्षेतल्या गुणांची) लेखी हमी मागितली होती. मी ती दिली नाही, आणि ते दुसऱ्या क्लासला गेले.