फुटबॉल खेळणं सुटलं, आता बाहेरदेशी कोच व्हायचंय, तर करायचं काय

गुडघ्याचं लिगामेंट गेलं की आपल्या नागपूरचे पोट्टे दोनच गोष्टी करतात, एक तर नोकरीला लागतात नाही तर ग्राउंडवर येऊन विचारतात की भाऊ, कोचिंग करून बाहेर जाता येतं का. येतं ना. पण त्यासाठी आधी मोठा प्लेयर असावं लागतं हे पहिले डोक्यातून काढा. इंग्लिश कोच रॉय हॉजसन लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबच्या ज्युनियर टीममध्ये होता, मेन टीमकडून एक मॅच खेळला नाही. 1976 ला स्वीडनच्या हाल्मस्टाड क्लबला कोच म्हणून गेला, आधीच्या सीझनला कशीबशी वरच्या लीगमध्ये टिकलेली टीम, आणि पहिल्याच वर्षी लीग जिंकून बसला. त्याचं नाव तिथे सुचवलं बॉब हॉटनने, हो तोच, ज्याने कोच म्हणून इंडियाला 2007 आणि 2009 चा नेहरू कप जिंकून दिला. हॉटन स्वतः 1974 ला 26 वर्षांचा असताना स्वीडनच्याच मालमो क्लबला कोच म्हणून गेला होता आणि 1979 ला त्यांना युरोपियन कपच्या फायनलमध्ये घेऊन गेला, नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 1-0 ने हरले ती गोष्ट वेगळी. प्लेयर म्हणून दोघांनाही कोणी ओळखत नव्हतं.

आता कागदाचं. आपल्याकडे एआयएफएफचं, म्हणजे भारताच्या फुटबॉल फेडरेशनचं डी लायसन्स, मग एएफसीचं, म्हणजे आशियाच्या फेडरेशनचं सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. सलग पाचही करून टाकू असं होत नाही, मधल्या काळात खरोखर टीम ट्रेन करावी लागते, म्हणून यात वर्षं जातात आणि म्हणूनच खेळत असतानाच डी करून टाका, गुडघा जायची वाट काहून पाहता.

डीच्या कोर्समध्ये माझी काय फजिती झाली ते सांगतो. प्रॅक्टिकलला मला पासिंगचं सेशन दिलं होतं, मी सोळा पोरं गोल उभी केली आणि सुरू झालो, बॉडी शेप असा पाहिजे, पहिला टच तसा पाहिजे, माझा आवाज पण छान लागला होता. इन्स्ट्रक्टरने थांबवलं आणि घड्याळ दाखवलं, चार मिनिटं झाली होती आणि बॉल अजून एकाच्याही पायाला लागला नव्हता, मागची दोन पोरं तर एकमेकांच्या बुटाच्या लेस बांधून राहिली होती. तेव्हापासून मी सेशनमध्ये तीस सेकंदांच्या वर बोलत नाही. हे आत्ताच शिकून घ्या कारण बाहेर गेल्यावर तुमची भाषा अर्ध्या टीमला कळणारच नाही, तेव्हा सेशनच असं लावा की बोलायची गरज कमी पडेल.

भाषेवरून आठवलं. आजचा नावाजलेला कोच मोरिन्हो पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये इंग्लिश कोच बॉबी रॉब्सनचा दुभाषी म्हणून लागला होता, हॉजसन स्वीडिश शिकला, इटालियन शिकला. रोज अर्धा तास द्या, बस.

पोरं कुठून आणायची म्हणाल तर आपल्या इथे कमी नाहीत. कामठीत फुटबॉल घराघरात आहे, आणि 2001 पासून स्लम सॉकर या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या संस्थेचं काम नागपुरातूनच सुरू आहे. सकाळी साडेपाचला ग्राउंडवर हजर व्हा, मे महिन्यात साडेसातच्या आत आटपा, नाही तर पोरं चक्कर येऊन पडतील. मार्किंगचे प्लास्टिकचे कोन नसले तर बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्यांत माती भरा. प्रत्येक सेशन वहीत लिहा आणि मोबाईल गोलच्या मागे बांधून शूट करा, कारण बाहेरचा क्लब तुमचं सर्टिफिकेट एकदा पाहील, पण व्हिडिओ नीट पाहील.

जायचं कुठे? इंग्लंड सोडा सध्या, तिथे परदेशी कोचला व्हिसासाठी त्यांच्या एफएची, म्हणजे फुटबॉल असोसिएशनची मान्यता लागते, पहिल्या झटक्यात ते जमणार नाही. जवळ बघा. 1970 च्या एशियन गेम्समध्ये ब्राँझ जिंकलेल्या इंडिया टीमचे कॅप्टन सय्यद नईमुद्दीन नंतर बांगलादेशच्या नॅशनल टीमचे कोच होते, ढाक्याच्या ब्रदर्स युनियनलाही त्यांनी ट्रेन केलं. आणि खालची लीग मिळाली तरी नाक मुरडू नका. इंग्लिश कोच ग्रॅहम पॉटर 2011 ला स्वीडनच्या चौथ्या डिव्हिजनमधल्या ऑस्टरसुंडला गेला, 2017 ला स्वीडिश कप जिंकला आणि 2018 ला इंग्लंडच्या आर्सेनलला त्यांच्याच ग्राउंडवर 2-1 ने हरवून आला. पहिली नोकरी असिस्टंटची किंवा अंडर-15 ची मिळाली तरी घ्या, कारण पुढची नोकरी तिथलाच कोणीतरी तुमचं नाव सांगून लावतो, हॉजसनचं तसंच झालं ना.

एजंटचं मात्र जपून. मला एकाने आधी पैसे भर मग ऑफर लेटर पाठवतो म्हटलं होतं, मी अर्धे भरलेही, मूर्खच होतो, लेटर आलं पण त्या क्लबला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. क्लबचा मेल क्लबच्याच पत्त्यावरून आला पाहिजे, आणि काँट्रॅक्टमध्ये पगार, राहायची सोय, काढलं तर किती महिन्यांचे पैसे आणि परतीचं तिकीट हे सगळं लेखी पाहिजे. परदेशी क्लबने कोचचे पैसे बुडवले तर फिफाकडे केस करता येते, 2021 पासून त्यांच्या नियमांत कोचसाठी वेगळा भाग आहे, पण तिथेही पहिले सही केलेला कागदच मागतात, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ओके भाई चालत नाही.