पोर्टेबिलिटीच्या नोट्ससाठी स्वतःचा छोटासा मार्कअप कसा बनवायचा

आपला प्रोग्राम कुठल्या सिस्टिमवर चालतो, कुठे अडतो (म्हणजेच त्याची पोर्टेबिलिटी) हे बहुतेक ऑफिसांत कुणाच्या तरी डोक्यात नाहीतर चॅटमध्ये पडलेलं असतं, मग सीप्झमधला तो माणूस गावी गेला की ठाण्याच्या टीमचं काम लटकलंच. मोठं टूल लागत नाही यासाठी, साधी टेक्स्ट फाईल आणि खुणा लिहायचे दोनचार नियम बास, तोच आपला मार्कअप.

आधी स्टेटसचे शब्द ठरवा. मी चारच ठेवतो: चालतं, फरक, अडतं, बाकी. बाकी म्हणजे अजून कुणी टेस्टच केलेलं नाही, आणि हा शब्द अजिबात गाळू नका. लोक तिथे जागा रिकामी सोडतात आणि वाचणारा आपल्या सोयीने अर्थ लावतो. दादरला इंडिकेटर बंद दिसला म्हणून लोकल रद्द झाली असं आपण धरतो का?

मग साचा. @ च्या ओळीत कशाबद्दल नोट आहे ते (इथे सेड, म्हणजे टेक्स्ट बदलणारी कमांड, आणि तिचं -आय, म्हणजे बदल त्याच फाईलमध्ये करायचा पर्याय), खाली प्रत्येक ओळीत सिस्टिम, स्टेटस आणि नोट. एका ओळीत एकच गोष्ट, म्हणजे ग्रेप (फाईलमध्ये शब्द शोधणारी कमांड) मारला की ती पूर्ण ओळ हातात.

@ सेड -आय

    लिनक्स | चालतं | ग्नू सेड (लिनक्सवरचा सेड), नुसतं -आय पुरतं
    मॅक | फरक | -आय नंतर बॅकअपचं एक्स्टेन्शन लागतंच, नको तर रिकामे कोट्स द्या
    विंडोज | बाकी |

मधली रिकामी ओळ आणि चार स्पेस मुद्दाम आहेत, मार्कडाउन (साध्या टेक्स्टमधल्या खुणांवरून पान सजवणारी पद्धत) त्याला कोड ब्लॉक समजून जसंच्या तसं दाखवतं. प्लस म्हणजे चालतं, मायनस म्हणजे नाही असं करायचा मोह होतो खरा, पण मार्कडाउनमध्ये ओळीच्या सुरुवातीला दोन्हीचं बुलेटच होतं, मग स्क्रीनवर सगळं सारखंच!

नोटमध्ये शेलची कमांड आली की तिच्यात पाईप, म्हणजे | ही उभी रेघ, असू शकतो, म्हणून नियम असा की फक्त पहिल्या दोन पाईपवर तोडायचं, पुढचं सगळं नोट. पायथनच्या स्प्लिटला कमाल दोन सांगितलं की झालं, नोटमधल्या पाईपला वेगळी खूण लावायची (एस्केपची) कटकट नाही.

यामल, म्हणजे अशा याद्या लिहायचा तयार फॉरमॅट, का नको? ३.१० कोट्सशिवाय लिहिलं की त्याला तो दशांश आकडा वाटतो आणि ३.१ होतो, आता पायथन ३.१ आलं २००९ ला आणि ३.१० आलं २०२१ ला, घ्या! आपल्याकडे सगळं टेक्स्टच.

पार्सर, म्हणजे ही फाईल वाचणारा प्रोग्राम, छोटाच ठेवा पण कडक ठेवा, अनोळखी स्टेटस दिसलं की ओळ नंबर सांगून थांबायचं, गुपचूप पुढे जायचं नाही. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाईलच्या सुरुवातीला कधीकधी बीओएम नावाची न दिसणारी खूण असते, त्यामुळे पहिला @ ओळखूच येत नाही, ती आधी काढा.

आणि देवनागरीत लिहिताय तर हे बघाच: ॲंड्रॉईडमधला ॲ एका कॅरेक्टरचा पण असतो आणि अ वर चंद्र देऊन पण होतो, दिसायला सेम, पण सर्चला वेगळे, युनिकोड नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एकाच रूपात आणणं) केलं तरी एक होत नाहीत. म्हणून सिस्टिमच्या नावांची यादी फाईलमध्ये वरच द्या, खाली नावं तिथूनच कॉपी करा, आणि यादीबाहेरचं नाव आलं तरी पार्सरने एररच द्यायची.