साइट सजवताना या चुका टाळा

पहिली चूक सरकत्या पट्टीची, आणि सगळ्यांत महागात पडणारीही. कॉलेजच्या साइटवर प्रवेशाची शेवटची तारीख नेमकी तिथेच धावत असते. हवी ती ओळ येईपर्यंत ताटकळायचं, आली की वाचून होण्याआधीच ती पसार होते. लिंकवर बोट टेकवावं तर भलतीच सूचना उघडते. शेजारी लाल-पिवळं ‘नवीन’ लुकलुकत असतं, तेही जुन्या निविदेपुढे! अशी पट्टी सरकवणारा एचटीएमएलचा मार्की टॅग वेबच्या मानकांनी केव्हाच बाद ठरवलाय. ब्राउझर जुनी पानं मोडत नाहीत म्हणून तो अजून चालतो एवढंच. पट्टी काढा, तारखेसकट चार-पाच सूचनांची स्थिर यादी लावा. ठेवायचीच असेल तर थांबवायचं बटण द्या. इतर मजकुराशेजारी आपोआप सुरू होऊन 5 सेकंदांहून जास्त हलणाऱ्या गोष्टीला ही सोय हवीच, असं डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे साइट अपंगांसह सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे निकष सांगतात. माउस नेला की थांबते, हे उत्तर मोबाइलवर लागू पडत नाही.

स्लायडरचंही, म्हणजे आपोआप बदलत राहणाऱ्या मोठ्या चित्रांचंही तेच. तो बहुतेकदा संस्थेतल्या विभागांची भांडणं मिटवायला असतो, वाचकासाठी नाही.

अ‍ॅनिमेशन अडखळतंय? कोडमध्ये बहुधा टॉप, लेफ्ट किंवा विड्थ, म्हणजे घटकाची जागा किंवा रुंदी ठरवणारे गुणधर्म बदलत असणार. त्यामुळे ब्राउझरला प्रत्येक फ्रेमला मांडणी नव्याने मोजावी लागते, आणि सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर हाताशी जेमतेम 16 मिलिसेकंद असतात. त्याऐवजी ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) वापरा, साध्या फोनवरही फरक जाणवेल.

वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत असेल, तर बहुतेकदा कोडमध्ये चित्रांना रुंदी-उंची दिलेली नसते.

काहींना पान सरकताना मागचं चित्र वेगळ्या वेगाने हललं की खरोखर गरगरतं. अशांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याचं सेटिंग चालू केलेलं असतं. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ तपासून त्याचा मान ठेवा.

आणि दिवाळीत हमखास येणारी तक्रार: ‘बटण दिसतंय, पण दाबलं जात नाही.’ पडद्यावर उधळलेल्या फुलबाज्यांचा पारदर्शक थर बटणावर पसरलेला असतो, क्लिक तोच गिळतो. त्या थराला ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’ लावा, म्हणजे क्लिक खालच्या बटणापर्यंत पोचेल. पणत्यांच्या चित्रांचा ऑल्ट मजकूरही (चित्राचं शब्दांतलं वर्णन) रिकामा ठेवा, नाहीतर पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला अर्जापर्यंत पोचेस्तोवर ‘पणती, पणती, पणती’ ऐकावं लागतं.