साथीच्या काळात घरात अडकलेल्या कॉलेजविद्यार्थ्याने मन कसे सांभाळावे

२०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे मुंबईची लोकल बंद झाली आणि सर्वसामान्य प्रवाशांना ती ठरावीक वेळांपुरती खुली होईपर्यंत १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. नालासोपाऱ्याहून चर्चगेटला येणाऱ्या विद्यार्थ्याचा सारा दिवस गाडीच्या वेळेला बांधलेला असतो: उठणे, डबा, गाडी, लेक्चर, कट्टा आणि परतीचा प्रवास. ती बांधणी एका रात्रीत सुटली आणि अनेकांची झोप, भूक व अभ्यासातले लक्ष तिच्यामागोमाग गेले. त्यामुळे साथीत मन सांभाळण्याची सुरुवात वेळ आणि जागा यांच्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. नुसते ‘सकारात्मक राहा’ असे सांगून कोणाचीही झोप परत येत नाही.

सर्वांत आधी उठण्याची वेळ पक्की करावी. झोप कधी लागेल हे आपल्या हाती नसते, पण उठण्याची वेळ बरीचशी हाती असते. म्हणून रात्री तीन वाजता डोळा लागला तरी सकाळी ठरल्या वेळेलाच उठावे आणि पहिल्या अर्ध्या तासात खिडकीत, गॅलरीत किंवा गच्चीवर जाऊन डोळ्यांना उजेड मिळू द्यावा. दुपारी झोपायचेच असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नये. अंथरुणात पडून लेक्चर ऐकण्याची सवय लागली असेल तर ती मोडावी, कारण मग तेच अंथरूण रात्रीही जागे ठेवते. आंघोळ करून, कपडे बदलून अभ्यासाला बसावे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ज्या दिवशी तीही नकोशी होते, त्या दिवसाची नोंद ठेवावी. पुढे डॉक्टरांना सांगताना तिचा उपयोग होतो.

जागेचा प्रश्न मुंबईत अधिक अवघड आहे. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तिथे वडिलांचे ऑफिसचे फोन, धाकट्या बहिणीची शाळा आणि आईचा स्वयंपाक एकाच वेळी चाललेला असतो. ओट्याजवळ मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला, सरांनी प्रश्न विचारला की माइक सुरू करावा आणि नेमकी त्याच क्षणी कुकरची शिटी व्हावी. मग तो मुलगा पुढच्या वेळी उत्तर येत असूनही गप्प बसतो. घरात माणसे असतात, पण एकांत नसतो आणि मनातले बोलायला सोबतही नसते. यावर उपाय एकच, तो म्हणजे वाटणी. कोणी कोणत्या वेळी कोणता कोपरा आणि कोणता मोबाइल वापरायचा हे सर्वांनी बसून ठरवावे, कागदावर लिहावे आणि तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवावा. त्यात प्रत्येकाला दिवसातून निदान वीस मिनिटे अशी द्यावीत की, त्या वेळात त्याला कोणी हाक मारणार नाही. पालकांना विनंती आहे की, या वीस मिनिटांकडे त्यांनी संशयाने पाहू नये.

बातम्या दिवसातून दोनदाच पाहाव्यात आणि झोपण्यापूर्वी अजिबात पाहू नयेत. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ध्वनिफितींपेक्षा महापालिकेने अधिकृतपणे कळवलेली माहिती ग्राह्य मानावी.

साथीच्या आजारात श्वासाला त्रास होत असेल तर घबराटीचा झटका आणि खरा आजार यांत मनाचा फार गोंधळ उडतो, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. अचानक छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घाम आणि ‘आता मी मरणार’ अशी भीती दाटून येणे ही घबराटीच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. असा झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. अशा वेळी बसून, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावावा: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. कोविडसारख्या आजारात घरी ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम करून, हात स्थिर ठेवून मोजणी करावी. आकडा ९४ च्या खाली आला, ताप व धाप वाढत गेली किंवा छातीतील दुखणे थांबेना, तर ही घबराटच असेल असे गृहीत न धरता लगेच डॉक्टरांना गाठावे. आकडा चांगला असेल तर दर पाच मिनिटांनी तो पुन्हा पाहणे मात्र थांबवावे, कारण त्याने भीती आणखी वाढते.

परीक्षांच्या अनिश्चिततेने २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे फार हाल झाले. परीक्षा होणार की नाही, यावरून राज्य शासन आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात महिनोन्‌महिने ओढाताण चालली. परीक्षेविना अंतिम वर्षाला उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला दिला. अशा काळात दर दोन तासांनी परिपत्रक शोधण्यापेक्षा वर्गातील दोघा-तिघांनी पाळीपाळीने विद्यापीठाचे संकेतस्थळ पाहावे आणि इतरांना कळवावे. अभ्यास मात्र परीक्षा होणारच असे धरून, रोज थोडा, ठरल्या वेळी करावा.

घरातील कोणाचे निधन झाले असेल, अंत्यदर्शनही मिळाले नसेल किंवा ‘माझ्यामुळेच बाबांना लागण झाली’ ही टोचणी लागली असेल, तर ती टोचणी मनात दाबून ठेवू नये. ती एखाद्या नातलगाला किंवा समुपदेशकाला त्याच शब्दांत सांगावी. लागण कोणाकडून झाली हे घरात बसून ठरवता येत नाही, हेही अशा विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा सांगणारे कोणी हवे असते. उपस्थिती व सबमिशनबाबत प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. तो अर्ज मित्राने लिहून दिला तरी चालतो.

दिवसाचा बराच वेळ उदासी किंवा कशातच रस न वाटणे सलग दोन आठवडे टिकले, तर वाट पाहू नये. घरी सांगताना आडवळणे घेऊ नयेत: “बाबा, दोन आठवडे मला झोप नाही, पुस्तक उघडलं की रडू येतं. मला डॉक्टरांकडे जायचंय, तुम्ही बरोबर चला.” परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून आठवडाभरात फरक नाही असे म्हणून ती सोडू नयेत आणि बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून स्वतःच घेणे धोक्याचे आहे.

मित्र ‘आता सगळं संपवावं’ असे बोलू लागला, वस्तू वाटू लागला किंवा निरोपाचे मेसेज पाठवू लागला, तर त्याला “सोड रे, टेन्शन घेऊ नकोस” असे म्हणू नये. सरळ विचारावे, “तुला जीव द्यावासा वाटतोय का?” असे विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे, आणि ‘कोणाला सांगू नकोस’ हे वचन त्याने मागितले तरी देऊ नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करावा. त्याने प्रयत्न केलाच असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नये: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर येते. तो घरी परतल्यानंतरचे आठवडेही जोखमीचे असतात, त्यामुळे मित्रांनी रोज एकाने फोन करायचा असे वार वाटून घ्यावेत आणि फोन उचलला नाही तर घरच्यांना लगेच विचारावे.