रात्रीची राखण आणि हातातली बंदूक

बेळगावकडच्या खानापूर पट्ट्यात भात पोटरीला आलं, रताळ्याचे वेल पसरले की रानडुकरांपायी राखणीला जाणं आलंच. हातात परवान्याची बारा बोअर, नाहीतर आजोबांच्या वेळची ठासणीची. राखणीत माणसाला गोळी लागते ती बहुतेक वेळा वैरापोटी नाही, तर अंधारात काहीतरी हललं आणि ते काय हे घाईने ठरवून टाकलं म्हणून. त्यामुळे खरं काम घरातून निघण्याआधीच सुरू होतं.

आज रात्री शिवारात कोण कोण असेल ते आधी विचारून घ्या. थ्री फेज करंट रात्री आला की शेजारी मोटर चालू करायला आणि दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला येतो. ऊसतोडीची टोळी उतरली असेल तर बायामाणसं पहाटेच्या आधी परसाकडे निघतात. धनगराची मेंढरं कुणाच्या रानात बसलीत? डोक्यावरून घोंगडी घेऊन वाफ्यात वाकलेला माणूस पाठीमागून हुबेहूब डुकरासारखा दिसतो. म्हणून चारी बांधकऱ्यांना फोन करा: "मी आज ओढ्याकडच्या माळ्यावर आहे, येताना बॅटरी लावून, हाक देत या." माळ्यावरून, म्हणजे राखणीच्या मचाणावरून, जोडीदार खाली उतरला तर तो परत वर येईपर्यंत बंदूक रिकामी ठेवायची. यात सूट नाही.

बंदुकीच्या नळीलाच बॅटरी बांधायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि ती घातक आहे. बघण्यासाठी नळी रोखावी लागते, म्हणजे ओळख पटण्याआधीच माणूस नेमात येतो. बॅटरी वेगळी, डाव्या हातात किंवा कपाळाला. बघणं होईपर्यंत नळी उघडून बंदूक काखेत. ठासणीची असेल तर केप (बार पेटवणारी छोटी टोपी) काढून खिशात. बोट घोड्यावर नाही, बाहेर सरळ. मध्येच मोबाईल बघू नका. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका उजेडाने ते वाया जातं.

"डोळे चमकले म्हणजे डुक्कर" हा समज तर पार उलटा आहे. बॅटरीच्या झोतात गाय, म्हैस, कुत्रा, हरीण यांचे डोळे लखलखतात, कारण त्यांच्या डोळ्यांत मागे उजेड परतवणारा पडदा असतो. डुकराला तो नसतो, माणसालाही नसतो. म्हणजे चमकलं ते कुणाचं तरी सुटलेलं जनावर असू शकतं, आणि न चमकणारं माणूस असू शकतं. पूर्ण अंग, तोंड आणि पाय दिसल्याशिवाय ओळख पटली असं धरू नका. पाठीमागे काय आहे तेही बघा: तीस मीटरवर छर्रे जवळपास मीटरभर पसरतात, आणि मोठे छर्रे त्याच्या कितीतरी पुढे जातात.

हाक मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत द्या: "कोण हाय तिकडं?" आणि लगेच "यारु?" उत्तर आलं नाही म्हणजे चोर, असं नव्हे. प्यालेला माणूस, बहिरा म्हातारा, घाबरलेलं पोर गप्पच राहतं.

घरचंही तसंच. अमेरिकेत बॅटन रूजला 17 ऑक्टोबर 1992 रोजी योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी पार्टीचं घर चुकून दुसऱ्याच दारात गेला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. रात्री दार वाजलं तर दार बंद ठेवून आतून विचारा आणि 112 ला फोन लावा.

कायदा हेच बघतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 17 मध्ये गैरसमजाला माफी आहे, पण सद्भावनेने झालेल्या गैरसमजाला. आणि पुरेशी काळजी न घेता केलेली गोष्ट सद्भावनेची धरली जात नाही. निष्काळजीपणाने जीव गेला तर कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद. नुसता ऊस किंवा मोटरची केबल चोरणाऱ्याचा जीव घ्यायचा हक्क कुणालाच नाही, पळणाऱ्याचा तर नाहीच. डुकराबद्दल: बंदुकीचा परवाना म्हणजे वनखात्याची परवानगी नव्हे, ती वेगळी काढावी लागते.

तरीही चूक झालीच, तर नळी उघडून बंदूक खाली ठेवा. 108 आणि 112 लावा. रक्त येतंय तिथे स्वच्छ टॉवेल जोरात दाबून धरा, काय झालं ते बघायला सारखा उचलू नका. काडतुसं, बंदूक हलवू नका, धुऊ नका. आणि एकाने बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर जाऊन उभं राहावं. रात्री फडातली वाट ॲम्ब्युलन्सवाल्याला सापडत नाही.